‘नागरिक पुढे येत नाहीत’ असे लिहिण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा अग्रलेख दोनदा वाचला. एकदा सकाळी आणि एकदा रात्री, तोवर राग उतरला असेल या आशेने. उतरला नव्हता. पोलिसांवर पोलिसांबाहेरच्या माणसांची देखरेख हवी, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तुम्ही तो विषय घेतलात याचे बरेही वाटले. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘यंत्रणा उपलब्ध आहे, परंतु नागरिकच तक्रार घेऊन पुढे येत नाहीत’ असे एक वाक्य आहे. ते ज्यांनी लिहिले त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

मी पुढे गेले होते.

२०२२ च्या एप्रिलमधली गोष्ट. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचे तालुक्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. कोणीतरी विकून गेलेला जुना हँडसेट चोरीचा निघाला. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोघे पोलीस आले आणि ‘साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणून त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन गेले. आठ वाजले तरी पोरगा परतला नाही, तेव्हा मी आणि भावजय डबा घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने रजिस्टरमधून मान वर न काढता सांगितले, ‘या नावाचं इथं कोणी नाही.’

मी दाराजवळच्या बाकावर बसले. बाकाखाली चपलांचे चार-पाच जोड होते. त्यातला एक आमच्या पोराचा. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो आदल्याच आठवड्यात मी बसस्टँडवर शिवून घेतला होता. काळा दोरा संपला होता म्हणून त्या माणसाने पांढरा घातला होता. मी ती चपल उचलून अंमलदारापुढे धरली. ‘अशा चपला हजार असतात, बाई,’ एवढेच तो म्हणाला. बाकाच्या बरोबर वर भिंतीला कॅमेरा होता, त्यातला तांबडा दिवा लागलेला होता. रात्री दीडपर्यंत मी त्या कॅमेऱ्याखाली बसून होते, चपल मांडीवर घेऊन.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडले. भावाने त्याला रिक्षात घालून घरी आणला, कारण पाय टेकवत नव्हते. पट्ट्याने तळपायांवर मारले होते. तळपायाचे हाड सहसा मोडत नाही, म्हणून तिथे मारतात. हाड मोडले नाही की वैद्यकीय दाखल्यावर ‘साधी दुखापत’ येते. आम्हाला तर तोही दाखला मिळाला नाही. ‘पोलिसांचं पत्र आणा, मग एमएलसी करतो,’ असे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले. (एमएलसी म्हणजे पोलीस प्रकरणातल्या जखमांची दवाखान्याने करायची नोंद.) अटक दाखवलेली नाही, अटकेचा कागद नाही, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे केलेले नाही. अटकेच्या वेळी साक्षीदाराच्या सहीचा कागद करायचा, नातेवाइकांना कळवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून दिले आहे. ते ठाण्यांमध्ये फलकावर लिहून लावायचे असते. त्या ठाण्यातही लावलेले आहे. बाकावर बसल्या बसल्या मी ते वाचले होते.

मग अर्ज केला. पोलीस अधीक्षक कार्यालयात हाती दिला, आवक शिक्का घेतला. अधीक्षकांकडून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेला आणि त्यांच्याकडून चौकशीसाठी त्याच ठाण्यात आला. महिन्याने जबाब घ्यायला आमच्या घरी कोण यावे? ‘इथं कोणी नाही’ म्हणणारा तोच अंमलदार. ओसरीत बसला. भावजयीने पाणी दिले. त्याने स्वतःच लिहिले, स्वतःच वाचून दाखवले, आणि शेवटी ‘माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ हे वाक्य आले तेव्हा पोराने सही केली. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत नव्हता. अंमलदार गेल्यावर पोरगा म्हणाला, ‘आत्या, दुकान याच बाजारात चालवायचंय.’

म्हणजे नागरिक पुढे येत नाहीत, हे तुमचे वाक्य खोटे नाही. पण ते तसेच लिहून तुम्ही पुढच्या परिच्छेदावर गेलात, याचा मला संताप आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच कागद घेऊन घरी येतो, हे अग्रलेखात कुठेच नाही. अधीक्षक कार्यालयाकडून शेवटी जे पत्र आले त्यात ‘तथ्य आढळून न आल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे’ असे होते. ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवले, पण इतके निर्जीव वाक्य मुलांना कधी लिहू दिले नाही.

आता तुमच्या ‘उपलब्ध यंत्रणे’कडे येते. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला दोन पातळ्यांवर तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितली. राज्याला एक, आणि उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी प्रत्येक जिल्ह्याला एक, तेही निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या हाताखाली. त्यांच्या शिफारशी बंधनकारक राहतील, असेही म्हटले. आपल्याकडे कायदा दुरुस्त व्हायला २०१४ उजाडले, आणि त्यात जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला. म्हणजे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांना मिळून एक. ‘जिल्हा’ हा एक शब्द बदलला की आमच्यासारख्यांचे काय होते, याचा विचार कायदा लिहिणाऱ्यांनी केला असेल का? ज्याच्या पायांवर मारले आहे त्याने एक दिवसाची कमाई बुडवून, एसटीचे तिकीट काढून, अनोळखी शहरात कार्यालय शोधत जायचे. राज्य पातळीचे प्राधिकरण तर मुंबईत. वकिलांनी मला ते नाव सांगितले तेव्हा मी रजिस्टर पोस्टाने पाठवायचा अर्ज तयारही केला होता. तक्रारदार म्हणून पोराने सही करायला नकार दिला. तो अर्ज अजून माझ्या ट्रंकेत आहे.

मी कॅमेऱ्याच्या मागे लागले, कारण तिथे कोणाच्या सहीची गरज नव्हती. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की प्रत्येक ठाण्याच्या दारांवर, कोठडीत, व्हरांड्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने जपायला हवे. तशी उपकरणे मिळत नसतील तर जास्तीत जास्त जितके जपता येईल तितके, पण एक वर्षाहून कमी नाहीच. मी माहिती अधिकारात त्या रात्रीचे चित्रण मागितले. पहिले उत्तर आले की कॅमेरा तांत्रिक कारणाने बंद होता. अपील केले, तर उत्तर आले की साठवण क्षमता ३० दिवसांचीच असल्याने चित्रण उपलब्ध नाही. बंद कॅमेऱ्याचे चित्रण ३० दिवस तरी कसे साठेल, हे मी सुनावणीत विचारले. समोरच्या अधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवला आणि सही करायला सांगितले.

त्याच निकालात जिल्ह्याजिल्ह्याला देखरेख समिती सांगितली आहे. कॅमेरे चालतात का ते पाहायचे आणि चित्रण तपासून मानवी हक्कांचा भंग झाला का तेही पाहायचे, हे तिचे काम. तीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, स्वतः पोलीस अधीक्षक, आणि एक लोकप्रतिनिधी: शहराचे महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. चौघांतला एकच माणूस लोकांनी निवडलेला. आणि मार्च २०२२ मध्ये आमच्या जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक बसले होते. म्हणजे एप्रिलमधल्या त्या रात्री ती एकुलती खुर्चीही रिकामी होती. निवडणुका लांबल्या की रस्त्यांची कामे अडतात असे तुम्ही अनेकदा लिहिले आहे, हेही एकदा लिहा. समितीच्या बैठका किती झाल्या असे मी विचारले होते. उत्तर एका शब्दाचे होते: निरंक.

कोणी म्हणेल, ठाण्यात नागरिकांची शांतता समिती असते की. मी चार वर्षे त्या समितीत होते. गणपती आणि ईदच्या आधी बोलावत, चहा होई, मिरवणुकीचा मार्ग आणि स्पीकरची वेळ ठरे. आज कोठडीत कोण आहे, असे त्या खोलीत कधी कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, याचे मला आज वाईट वाटते.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत राहतो. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखेच. त्याला हे सगळे सांगितले तेव्हा त्याने तिकडची व्यवस्था समजावली. २०२१ च्या कायद्याने तिथे प्रत्येक काउंटीला पोलीस उत्तरदायित्व मंडळ नेमावे लागते. तक्रार थेट त्या मंडळाकडे देता येते आणि मंडळाने ती तीन दिवसांत पोलीस खात्याकडे पाठवायची असते. तपास तिथेही पोलीसच करतात, तेव्हा स्वर्ग आहे असे मी म्हणत नाही. पण तपासाचे कागद मग पाच नागरिकांच्या समितीपुढे जातात आणि अधिकाऱ्यावर खात्यांतर्गत दोषारोप ठेवायचे की नाही ते ती समिती ठरवते. आमचा अर्ज अधीक्षक कार्यालयातून निघून त्याच ठाण्यात पोचला, तसा तिथे तो त्या खात्यातच निकाली निघत नाही. एवढा फरक मला पुरला असता.

सांगलीला २०१७ मध्ये कोठडीतला आरोपी अनिकेत कोथळे पळून गेल्याचे पोलीस सांगत होते आणि त्याचा जळालेला मृतदेह आंबोलीत सापडला, तेव्हा राज्य हलले. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला जुलै २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला, तोवर आईने जवळपास सात महिने वाट पाहिली. ही माणसे मेली म्हणून तुम्ही आम्ही त्यांची नावे जाणतो. आमचा पोरगा जिवंत आहे, चालतो, दुकान उघडतो. पोलिसांची गाडी बाजारातून गेली की शटर अर्धे खाली ओढतो. त्याच्यासारख्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक टेबल आणि एक निवृत्त न्यायाधीश, इतकेच २००६ मध्ये सांगितले होते.

आता तुमच्याबद्दलची तक्रार. ती मी चार वर्षे मनात ठेवली आहे. त्याला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या जिल्हा पानावर ‘चोरीच्या मोबाइलप्रकरणी दुकानदार ताब्यात’ अशी तीन परिच्छेदांची बातमी होती. नाव, वय, दुकानाचे नाव, गल्ली, सगळे होते. ठाण्यात आम्हाला ‘इथं कोणी नाही’ सांगत होते त्याच वेळी तुमच्या वार्ताहराला तो ताब्यात असल्याचे सांगितले गेले होते. आमचे माणूस कुठे आहे हे आम्हाला तुमच्या अंकातून कळले. तो तिथे होता याचा आमच्याकडचा एकमेव छापील पुरावा तोच आहे. मी तो अर्जाला जोडला, तर कात्रण पुरावा म्हणून ग्राह्य नाही, असे कळवले गेले.

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, हे मी तुमच्या तालुका कार्यालयात दोनदा जाऊन सांगितले. एक ओळही छापून आली नाही. सोयरीक जुळत आली होती, ती मोडली. मुलीच्या वडिलांनी मोबाइलवर त्या बातमीचाच फोटो दाखवला.

कात्रणाची प्रत सोबत जोडली आहे, मागे अंकाची तारीख लिहिली आहे. तुमच्या वार्ताहराला ती माहिती त्या दिवशी ठाण्यातून कोणी आणि किती वाजता दिली, ते मला लेखी कळवावे. प्राधिकरणाकडचा अर्ज मी पुन्हा लिहायला घेतला आहे. या वेळी तक्रारदार म्हणून सही माझी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)