विन्या, तुझ्या पोराच्या गेमबद्दल

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणलास की पोरगं गेमपायी मोबाईल सोडंना, हिसकला तर जेवलं नाही, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून बोलता आलं नाही, आता रात्री निवांत लिहायलोय. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय रे.

मोबाईल आपणच दिला ना, २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा, मी तर सोयाबीनच्या पैशातून घेतला होता. त्याच साली पबजी ही बंदुकीची गेम बंद झाली तर पोरं फ्री फायरवर गेली, २०२२ ला ती बंद झाली तर फ्री फायर मॅक्स आन् बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतातलं रूप, हायेतच. बीजीएमआय पण एकदा बंद होऊन २०२३ ला परत आली. तवा सरकार बंद करील म्हणून वाट बघू नको.

मी पण आधी तुझ्यासारखंच, नऊ वाजले की वायफाय बंद. एका रात्री फोन ओढला तर आमच्या पोराचे हात थरथरायले, डोळ्यात पाणी, म्हणला पप्पा शेवटचे चारच जण राहिले होते. मला काही कळंना. दुसऱ्या दिवशी शेजारी बसून बघितलं. बीजीएमआयमधी शंभर जण उतरतात, शेवटपर्यंत टिकल तो जिंकतो, मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते आन् मधी थांबवायची सोयच नाही, वर टीममधी तीन पोरं, त्यातला एक परभणीचा मावसभाऊ, हा मधीच उठला की ती मरतात आन् सगळ्या शिव्या याला. म्हणजे शेवटच्या ओव्हरला आपण बॅट काढून घ्यायलोत बघ.

तवापासून मिनिटं सोडली, मॅच मोजायलोत. शाळेच्या दिवशी दोन, रविवारी चार. चालू करायच्या आधी तो सांगतो "पप्पा ही शेवटची" आन् ती संपेपर्यंत मी तोंड उघडत नाही. फ्री फायरची मॅच दहा-पंधरा मिनिटातच संपते, तिथं आकडा तुझा तू ठरव. बीजीएमआयमधी १८ च्या आतल्याला दिवसाला ३ तासाची मर्यादा हाय, पण पोरं वय खोटं टाकतात. आमच्यानं माझ्याच नंबरवर अकाउंट काढलं होतं, ओटीपी मी सांगितला होता, न विचारता. तुझा यूपीआय पिन आजच बदल, आमचे अठराशे गेममधल्या बंदुकीच्या रंगात गेले.

रात्री दहाला सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, माझा पण. पहिले आठ दिवस लई अवघड गेले, मलाच जास्त.

आन् पोराला आजार झाला असं लगेच धरू नको. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंग डिसऑर्डर हाय खरं, पण त्यात साधारण वर्षभर ताबा सुटलेला, झोप-शाळा-घर सगळं बिघडलेलं असं बघतात. तसं वाटलं तर डॉक्टरकडं ने, लाजू नको, मी येतो सोबत.

मागच्या हुरड्याला आमचा पोरगा बांधावर रेंज शोधत फिरत होता. यंदा आगटीपाशी बसला, गरम कणसं चोळून आजीच्या ताटात टाकायला, दोन्ही तळहात काळे झालेले. अजून आठ-दहा दिवस हुरडा हाय, रविवारी तुझ्या पोराला घेऊन ये.

तुझा,
बाळू