सूचना : फुकट कॅड आणि तयार मॉडेलं
सभासदांनो, क्रॅक केलेलं (चोरीचं) कॅड, म्हणजे पार्टचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर टाकू नका. फ्रीकॅड हे कॅड फुकट आहे, धंद्याच्या कामालाही चालतं. फ्रीकॅड डॉट ऑर्गवरूनच उतरवा, 1.0 किंवा पुढची आवृत्ती. जुन्या आवृत्त्यांत आधीचं स्केच (पार्टची मूळ रेखाकृती) बदललं की कडांचे क्रमांक हलायचे आणि पुढचे फिलेट (कडांना दिलेली गोलाई) तुटायचे; आता ते बरंच आटोक्यात आलंय.

बोल्ट-बेअरिंगची तयार मॉडेलं ग्रॅबकॅड या वेबसाइटवर मिळतील. पर्याय असेल तर स्टेप (पार्टचा खरा घन आकार साठवणारी) फाइलच घ्या. एसटीएल फाइल म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी, भोकाचा व्यास सरळ बदलता येत नाही, आणि एककही नसतं. 2 इंची ब्रॅकेट 2 मिमीचा उघडला तर 25.4 पट करा. ग्रॅबकॅडवर मॉडेलं कुणीही चढवतं, म्हणून भोकांमधलं अंतर खऱ्या पार्टवर कॅलिपर लावून तपासा.

ऑनशेप या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कॅडच्या फुकट खात्यातली फाइल सगळ्यांना दिसते. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग तिथे अजिबात नको.