कॅज्युअल्टीतल्या रात्रपाळीच्या सिस्टर, तुमच्यासाठी

सिस्टर, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला चालेल की नाही कोण जाणे. पण वाचलंत तर ओळखालच. जिन्यावरून पडलेले, डोक्याला टाके घातलेले आणि तरी "मला काही झालेलं नाही, घरी सोडा" म्हणून सगळ्यांचं डोकं खाणारे ते काका, मी त्यांची मुलगी.

टाके ज्यांनी घातले, सीटी स्कॅन ज्यांनी बघितला, त्या डॉक्टरांचे आभार तिथेच मानून झाले. हे पत्र त्याच्या नंतरच्या वेळेबद्दल आहे, म्हणजे स्कॅन नॉर्मल आला, सही झाली, डिस्चार्ज कार्ड हातात पडलं आणि आम्ही चपला शोधायला लागलो तेव्हाचं. कार्ड देताना डॉक्टरांनी भराभर सगळं सांगितलं होतं (बाहेर अॅम्ब्युलन्स येऊन उभी होती, त्यांना दोष नाही), शेवटी "समजलं ना?" विचारलं आणि बाबांनी जोरात मान हलवली. बाबा असेच आहेत, त्यांना काहीही विचारा, समजलेलंच असतं.

तुम्ही मात्र "समजलं का" हा प्रश्नच विचारला नाहीत. स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "काका, मी नीट सांगितलंय की नाही ते मला बघायचंय, आता घरी गेल्यावर काय काय करणार ते तुम्ही मला सांगा." चूक झाली तर ती सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नाही, असं ते ऐकू आलं आणि बाबांचा ताठा तिथेच उतरला. आणि मग काय काय बाहेर यायला लागलं! डोकं दुखलं तर ही पॅरासिटामॉल घेणार, बरं, आणि तरी नाही थांबलं तर? "तर घरातली सर्दीची गोळी आहे ना, तिने झोप पण लागते." तुम्ही शांतपणे विचारलंत, कुठली गोळी, मग फोनवर तिचा फोटो मागवायला लावलात आणि दाखवलंत की त्यातही पॅरासिटामॉलच आहे, म्हणजे दोन्ही घेतल्या तर डबल डोस, आणि तो लिव्हरला झेपत नाही. ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत कमीत कमी ६ तास, दिवसात ४ च्या वर नाही, दुसरी कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही. हे त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलंत तेव्हा कुठे सोडलंत.

मग बीपीची गोळी. कार्डावर सगळी नवीन औषधं होती, रोजच्या गोळीचं नाव कुठेच नाही, आणि बाबांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं की लिहिली नाही म्हणजे बंद. तुम्ही उठून डॉक्टरांना विचारून आलात आणि कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलंत, "बीपीची गोळी नेहमीप्रमाणे चालू."

आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे तुम्ही विचारलंत, "रात्री काकांजवळ कोण झोपणार?" मी म्हटलं दादा, तर दादाला पार्किंगमधून वर बोलावलंत! सगळं माझ्याशी बोलून मोकळं होता आलं असतं, पण मी तर माझ्या घरी जाणार होते. दादाला वाटत होतं की डोक्याला मार लागला म्हणजे रात्रभर झोपूच द्यायचं नाही. तुम्ही सांगितलंत झोपू दे, झोप चांगलीच आहे, फक्त मधेमधे हाक मार, नीट जागे होऊन उत्तर देतात का बघ, जागेच होत नसतील तर थांबू नको. आणि परत कधी यायचं ते आजार-बिजाराचं नाव न घेता, दिसेल असं सांगितलंत: डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी, फिट, बोलणं अडखळायला लागलं, हातापायात जोर नाही, नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं. मग दादालाही परत म्हणायला लावलंत, तो एक विसरला, तर तुम्ही हसून फक्त तेवढंच पुन्हा सांगितलंत.

रात्री दादाने हाक मारली की बाबा "झोपू दे की रे मेल्या" म्हणायचे, म्हणजे सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र उलटी झाली, थोड्या वेळाने परत झाली. एरवी आमच्याकडे "बघू सकाळपर्यंत" झालं असतं, पित्त झालं असेल म्हणून. पण कार्डाच्या मागे तुमच्या अक्षरात "पुन्हा पुन्हा उलटी झाली तर परत या" असं लिहिलेलं होतं त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती, बाबा स्वतःच म्हणाले चला. परत तपासलं, स्कॅन परत केला, तोही साफ निघाला, थोडा वेळ ठेवून सोडलं. काही निघालं नाही हे चांगलंच झालं, पण नसतं गेलो तर ते कळलं कसं असतं?

माझी एक मैत्रीण नर्सिंग शिकवते, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली अगं असं पेशंटकडून परत म्हणवून घेण्याला टीच-बॅक म्हणतात, पुस्तकात असतं, गर्दीत करतात फार थोडे. तिनेच एक जुना अभ्यास दाखवला, २००९ चा, 'अॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन' मधला. इमर्जन्सीतून घरी जाणाऱ्या १४० लोकांना विचारलं होतं, तर ७८ टक्के लोकांना कुठली ना कुठली गोष्ट पुरती समजलेली नव्हती, आणि जिथे समजलं नव्हतं तिथे बहुतेकांना तसं वाटतही नव्हतं. म्हणजे बाबा एकटे नाहीत तर! आणि "काही शंका?" विचारून तरी काय होणार, ज्याला आपलं चुकतंय हेच माहीत नाही तो शंका कुठून काढणार.

टाके निघाले, जखम भरली. तुमच्या इन-चार्जना वेगळं पत्र दिलंय आणि त्यात दोन गोष्टी लिहिल्यात. एक, कार्डाच्या मागच्या बाजूला "जुन्या गोळ्यांचं काय" आणि "रात्री सोबत कोण" ह्याच्यासाठी छापील जागा ठेवा. दुसरं, तुम्ही बाबांजवळ बसला होतात तेवढ्या वेळात तुम्हाला किती हाका आल्या ते मी बघत होते, त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी निदान एका सिस्टरला तरी तेवढा वेळ मोकळा मिळू द्या. उत्तर अजून आलेलं नाही, आलं की तुम्हाला कळवीनच.

खूप खूप थँक्यू सिस्टर. बाबांनी पण सांगायला सांगितलंय, आणि हो, सर्दीची गोळी बंद आहे असंही सांगायला सांगितलंय.

तुमच्या त्या हट्टी पेशंटची मुलगी