दहा टक्केवाल्यांची बाजू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बॉन्डपटांची सूत्रे ॲमेझॉनकडे गेल्याबद्दलचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख चांगला आहे. पण ‘ब्रोकोली’ या आडनावावर भाजीचा विनोद करून लेखकाने बॉन्डपटांचे निर्माते अल्बर्ट ब्रोकोली यांना एकदम १९६२ सालात, ‘डॉ. नो’ या पहिल्या बॉन्डपटाच्या सेटवर आणून उभे केले. त्याआधी हा माणूस काय करत होता, याबद्दल अवाक्षर नाही. वर ‘एजंट म्हणजे शेवटी दलालच’ असे एक वाक्य टाकले आहे. मी सव्वीस वर्षे नाटकांचा व्यवस्थापक होतो. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात प्रयोग लावायचे, नटांच्या तारखा जुळवायच्या, नाइट (म्हणजे नटाचे एका प्रयोगाचे मानधन) ठरवायची आणि गाडी कागलला बंद पडली तर रात्री दोनला मेकॅनिकचे दार वाजवायचे, हे माझे काम. वाक्य लागले, म्हणून हे पत्र.

ब्रोकोली स्वतःच एजंट होते, म्हणजे नटाला काम मिळवून देऊन त्याच्या कमाईतले दहा टक्के घेणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलिवूडमध्ये चार्ल्स फेल्डमन यांच्या ‘फेमस आर्टिस्ट्स’ या एजन्सीत ते नोकरीला होते. हे फेल्डमन म्हणजे या धंद्यातले गुरुजी. शिक्षणाने वकील. स्टुडिओ नटांना वर्षानुवर्षांच्या कराराने बांधून ठेवत, त्या काळात त्यांनी वेगळीच शक्कल काढली. कथा आपण विकत घ्यायची, नट आपला, दिग्दर्शक आपला, आणि ही सगळी मोट बांधून स्टुडिओला विकायची. १९४८चा ‘रेड रिव्हर’ बघा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स त्यांचे अशील, नायक जॉन वेनही त्यांचेच. मग निर्माता व्हायला उरले काय? १९५१मध्ये ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ फेल्डमन यांनी निर्माता म्हणून काढला. त्याला चार ऑस्कर मिळाली, त्यांतली तीन अभिनयाची. नटांची पारख असलेल्या माणसाचा सिनेमा असा असतो.

ब्रोकोली या गुरूकडे किती शिकले, ते पुढे दिसते. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते आयर्व्हिंग ॲलन या भागीदारासह लंडनला गेले आणि ‘वॉरिक फिल्म्स’ काढली. लंडनच का? तर ब्रिटनमध्ये तेव्हा ‘ईडी लेव्ही’ नावाची योजना होती. तिकिटाच्या पैशातला काही भाग बाजूला काढून तो ब्रिटनमध्ये बनलेल्या सिनेमांना वाटला जाई. अमेरिकन नट, ब्रिटिश तंत्रज्ञ आणि वर हा पैसा, असे गणित. ‘द रेड बेरेट’ या पहिल्या सिनेमासाठी त्यांनी हॉलिवूडचा नट ॲलन लॅडला आणले. (या लॅडची एजंट त्याची बायकोच होती, सू कॅरोल. घरातच ऑफिस! आमच्याकडेही एका नटाच्या तारखा वहिनी बघायच्या. त्यांच्याशी नाइट ठरवताना मला घाम फुटायचा.)

त्या १९५३च्या सिनेमाचे दिग्दर्शक टेरेन्स यंग, लेखकांत रिचर्ड मायबॉम. नऊ वर्षांनी ‘डॉ. नो’चे दिग्दर्शक कोण? टेरेन्स यंग. लेखकांत? मायबॉम. १९६०मध्ये वॉरिकने ऑस्कर वाइल्डवर सिनेमा काढला. त्याच सुमारास त्याच विषयावर दुसऱ्या कुणीतरी काढलेला सिनेमाही लागला आणि वॉरिक खड्ड्यात गेली. पण त्या बुडालेल्या सिनेमाचे कलादिग्दर्शक होते केन ॲडम. ‘डॉ. नो’मधल्या खलनायकाच्या ज्या भव्य खोल्यांचे आपल्या लेखात कौतुक आहे, त्या त्यांच्याच. कंपनी बुडाली तरी माणसे सुटू द्यायची नाहीत, हे एजंटच जाणे. १९६१मध्ये बॉन्डच्या पुस्तकांचे हक्क हॅरी सॉल्ट्झमन यांच्या हातात होते, तेही थोड्याच दिवसांसाठी. पैसे उभे करणारा मात्र मिळत नव्हता. ब्रोकोली त्यांचे भागीदार झाले आणि युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकन चित्रपट कंपनीकडून पैसा आणला. टीम त्यांच्या खिशात होतीच.

एक पुस्तक मात्र त्यांना मिळाले नाही, ‘कसिनो रॉयल’. त्याचे हक्क होते त्यांच्या जुन्या मालकाकडे, फेल्डमन यांच्याकडे! फेल्डमन यांनी १९६७मध्ये त्यावर विडंबन काढले. पीटर सेलर्स, ऑर्सन वेल्स, डेव्हिड निव्हन, अर्सुला अँड्रेस असे एकेक मोहरे आणि दिग्दर्शक किती, तर पाच. सेलर्स मध्येच निघून गेला. गल्ला बरा जमला, पण सिनेमाला ना बूड ना शेंडा. पुढच्याच वर्षी फेल्डमन वारले. ते पुस्तक ब्रोकोलींच्या कंपनीने पडद्यावर आणायला २००६ साल उजाडले. ब्रोकोली जाऊनही तेव्हा दहा वर्षे झाली होती.

फेल्डमन यांच्या या फजितीला मी हसत नाही, कारण तसाच मी आपटलेलो आहे. १९९६मध्ये मीही निर्माता झालो. लोकप्रिय नायक माझ्या शब्दावर आला, नायिकेच्या तारखा होत्या, शनिवार-रविवारची नाट्यगृहे हातात होती. फक्त दुसरा अंक नव्हता. लेखक म्हणाला, तालमीत सुचेल. चौदाव्या प्रयोगाला पडदा पडला तो कायमचा, आणि मालगाव रस्त्यावरचा माझा अडीच गुंठ्यांचा प्लॉट गेला.

‘दलाल’ या शब्दामागचा संशय मात्र मी उडवून लावणार नाही. नटाचा एजंट नटासाठी जास्त पैसे मागतो, निर्माता कमी द्यायला बघतो. दोघे एकच असले, तर नटाच्या बाजूने भांडायचे कोणी? अमेरिकेत नटांच्या संघटनेचा एजंटांच्या निर्मितीवर निर्बंध होता. १९५२मध्ये एमसीए या बलाढ्य एजन्सीला त्यातून सूट मिळाली. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते नट रोनाल्ड रेगन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) आणि रेगन यांचे एजंटही एमसीएच! दहा वर्षांनी एमसीए युनिव्हर्सल स्टुडिओ ताब्यात घेत असताना सरकारने तिला एजन्सी बंद करायला लावली. माझ्या नाटकात त्या नायकाची नाइट मीच मागितली आणि मीच घासाघीस केली. त्यात तोटा त्याचाच झाला, हे आज कबूल करतो.

लेखात जागा कमी असते, मान्य. पण ब्रोकोलींच्या आयुष्यातला एजंटगिरीचा काळ गाळला, तर १९६२मध्ये ती सगळी माणसे कुठून आली हे वाचकाला कळणारच नाही.

जाता जाता आणखी एक दुरुस्ती. ‘ऑक्टोपसी’ या बॉन्डपटाच्या छायाचित्राखाली आपण ‘जयपूर’ छापले आहे. तळ्यातला तो महाल उदयपूरचा आहे.

आपला,
एक निवृत्त नाट्यव्यवस्थापक, मिरज