जॉइंटरची टेबले आधी तपासावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांसाठी यंत्रांच्या देखभालीविषयीचा लेख आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झाला, याचा मनापासून आनंद झाला. मात्र जॉइंटरवरून, म्हणजे फळीची कड सरळ रंधणाऱ्या यंत्रावरून, कडा काढूनही फळ्यांच्या सांध्यात फट राहत असेल, तर पात्यांना धार लावून घ्यावी किंवा पाती बदलावीत, एवढाच सल्ला त्यात दिलेला आहे. हा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे. पाती बोथट झाली की कड खरखरीत होते, लाकडाचे तंतू उपटले जातात, कधी जळकट डागही पडतात. परंतु सबंध लांबीत फळीला कमानीसारखा बाक येतो तो बोथटपणामुळे नव्हे. बहुतेक वेळा यंत्राची दोन टेबले एकमेकांशी समांतर नसल्यामुळे तो येतो, आणि नवी पाती बसवली तरी तो तसाच राहतो.

हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून लिहीत आहे. कपाटाच्या बाजूसाठी मी पाच फळ्या जोडल्या होत्या. कडा हाताला गुळगुळीत लागत होत्या, फटी किरकोळ वाटत होत्या, म्हणून क्लॅम्प आवळून त्या मिटवल्या. काही आठवड्यांत पाचांपैकी दोन सांधे टोकांकडून उघडले. मी दोष लाकडाच्या ओलीला दिला, मग गोंदाला दिला, मग पात्यांना दोनदा धार लावून घेतली. सरळपट्टी टेबलांवर ठेवण्याचे मला सर्वांत शेवटी सुचले, आणि तेव्हा दोन्ही टेबलांची बाहेरची टोके वर उचललेली दिसली.

जॉइंटरचे तत्त्व साधे आहे. फळी ज्यावरून आत सरकते ते इनफीड टेबल पात्यांच्या सर्वोच्च बिंदूपेक्षा काढायच्या जाडीइतके खाली असते, आणि कापलेला भाग ज्यावर टेकतो ते आउटफीड टेबल बरोबर त्या सर्वोच्च बिंदूच्या पातळीत असते. उंची वेगळी असली तरी दोन्हींचे पृष्ठभाग समांतर हवेत. बाहेरची टोके वर असतील, तर लांब फळी दोन टोकांवर टेकून मधल्या खोलगटीवर पुलासारखी राहते, पाती तिच्या मधल्या भागापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत आणि कडेला मध्ये पोट येते. टोके खाली झुकलेली असतील, तर उलट घडते आणि कड मध्ये खोलगट होते. हा दोष ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. नुकत्याच काढलेल्या दोन कडा एकमेकींवर टेकवून उजेडासमोर धराव्यात: टोकांना उजेड दिसला तर पोट आहे, मध्ये दिसला तर खोलगटपणा आहे. दोन्ही कडा त्याच यंत्रावरून आलेल्या असल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, ही सोयच म्हणायची.

यांपैकी पोटाचा दोष अधिक घातक आहे. फळीची टोके मधल्या भागापेक्षा लवकर वाळतात आणि आकसतात. तेथेच सांधा जबरदस्तीने ओढून बसवलेला असेल, तर तो टिकण्याची शक्यता कमी होते. काही कसलेले कारागीर मध्ये केसभर खोलगटपणा मुद्दाम ठेवतात तो याच कारणासाठी. पण तो त्यांनी हाताच्या रंध्याने, मोजून ठेवलेला असतो.

तपासणीची रीत अशी आहे. प्रथम यंत्राचा प्लग काढावा. केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण हात पात्यांजवळ जाणार असतो. कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंड, हाताने फिरवून एकही पाते वर येणार नाही असा ठेवावा. सरळपट्टी निदान तीन फुटी असावी, आणि आधी तिचीच परीक्षा घ्यावी: सपाट फळीवर तिच्या कडेने बारीक रेघ ओढावी, पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंमधून त्याच कडेने पुन्हा रेघ ओढावी, आणि दोन रेघांमध्ये अंतर दिसले तर त्या पट्टीवर विसंबू नये. मग प्रत्येक टेबल लांबीत आणि कर्णावर स्वतंत्रपणे पाहावे, कारण टेबलाच्या ओतीव लोखंडातच बाक असेल तर तो कोणत्याही स्क्रूने जात नाही, घासूनच काढावा लागतो. त्यानंतर पट्टी आउटफीड टेबलावर घट्ट धरून तिचे पुढचे टोक इनफीड टेबलावर येऊ द्यावे आणि इनफीड टेबल जेमतेम तिला टेकेपर्यंत वर घ्यावे. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, नसेल तर आपल्या वृत्तपत्राची एक पट्टी कापून घ्यावी. त्या कागदाची जाडी साधारण 0.07 मिलिमीटर असते. ती कागदी पट्टी सरळपट्टीखालून कटर ब्लॉकजवळ आणि टेबलाच्या दूरच्या टोकाला, दोन्ही कडांना, सरकवून पाहावी. चारही ठिकाणी ती सारखीच अडली तर टेबले समांतर आहेत. एका ठिकाणी कागद अडतो आणि दुसऱ्या ठिकाणी दोन घड्या सहज सरकतात, असे झाले तर दोष सापडला. संपूर्ण लांबीत 0.1 मिलिमीटरच्या आत फरक असेल तर सुतारकामाला तेवढे पुरते.

दोष सापडताच शिम, म्हणजे उंची जुळवायची पातळ चकती, घालण्याची घाई करू नये. डोव्हटेल (तिरकस कडांच्या) खाचांवर सरकणाऱ्या टेबलात गिब पट्टीचे, म्हणजे खाचेतील सैलपणा काढणाऱ्या पट्टीचे, स्क्रू सैल झाल्यानेच पुष्कळदा टोक झुकते. ते आवळून आणि लॉक लावून पुन्हा मोजावे. लॉक आवळताना टेबल किंचित हलते, म्हणून लॉक न लावता घेतलेले माप खरे मानू नये. एवढ्याने भागले नाही तरच पातळ पितळी पत्र्याची शिम घालावी, आणि तीही जपून, कारण 200 मिलिमीटर लांबीच्या खाचेत एका टोकाला घातलेली 0.1 मिलिमीटरची शिम 600 मिलिमीटर लांब टेबलाचे टोक सुमारे 0.3 मिलिमीटर हलवते. पॅरलेलोग्राम पद्धतीच्या यंत्रात, म्हणजे जिथे टेबल खाचांऐवजी फिरत्या दुव्यांवर वरखाली होते तिथे, शिम लागत नाही. तेथे विकेंद्री बुश (मध्यापासून सरकलेले छिद्र असलेली नळी) फिरवून टेबल जुळवतात. यंत्र हलवताना ते टेबलांना धरून उचलणे मात्र दोन्ही प्रकारांत टाळावे.

टेबले जुळल्यानंतरच पात्यांकडे वळावे. आउटफीड टेबल पात्यांपेक्षा खाली राहिले, तर फळीचे शेवटचे टोक इनफीड टेबल सोडताच खाली बसते आणि तेथे खड्डा पडतो. वर राहिले, तर फळीचे पुढचे टोक टेबलाच्या ओठावर अडते. पात्यांची उंची आउटफीड टेबलावरून ठरते, म्हणून आधी पाती लावून मग टेबल हलवणाऱ्याला तेच काम दोनदा करावे लागते. फेन्सचा, म्हणजे फळी ज्याला टेकवून सरकवतात त्या उभ्या आधाराचा, गुण्या (काटकोन) सर्वांत शेवटी पाहावा. तो थोडा चुकला, तरी शेजारच्या फळ्या आलटून पालटून उलट्या बाजूने काढल्यास कोनातील चूक एकमेकींना छेद देते. बाकाच्या बाबतीत अशी कोणतीही युक्ती चालत नाही.

आपल्या लेखावर भरवसा ठेवून अनेक नवशिके पात्यांवर खर्च करतील आणि फट तशीच राहिल्यावर स्वतःच्या हाताला दोष देतील, म्हणून पुरवणीच्या पुढील अंकात टेबले तपासण्याची ही रीत, शक्य झाल्यास आकृतीसह, प्रसिद्ध करावी, ही नम्र विनंती.

आपला,
सुतारकाम करणारा एक वाचक