आबांचं बोट

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

दत्त्या,

सहा महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. शुगर आहे तशीच, गुडघाही.

परवाचं तुझ्याशिवाय कुणाला सांगू? अभ्या पुण्याहून आलेला. जेवताना दुकानावरून जुंपली. आमची ही नेहमीप्रमाणे, "रस्सा गार होतोय." सोनी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करतेय ना, तिनं ताटं बाजूला सारली आणि आम्हाला पुतळ्यांसारखं उभं केलं. अभ्या गुडघ्यावर, हात पसरून. ही भलतीकडंच तोंड करून. मी एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट अभ्यावर रोखून. "हलायचं नाही!" लेका, दोन मिनिटांत खांदा भरून आला. हसणार होतो, तेवढ्यात कपाटाच्या आरशात बघितलं. आबा! माझा बाप! तेच बोट, तीच वाकडी मान.

ही युक्ती व्हर्जिनिया सॅटिर नावाच्या अमेरिकन बाईची. जन्म १९१६, विस्कॉन्सिनमधला. पाच वर्षांची असतानाच तिनं ठरवलं, मोठेपणी आईबापांवर पाळत ठेवणारा पोरांचा डिटेक्टिव्ह व्हायचं. (तू आबांवर ठेवायचास, पण विडीसाठी.) आधी मास्तरीण, पोरांच्या घरी जाऊन बसायची. पुढं मनाच्या दुखण्यांवर उपचार करायला लागली. १९५१ मध्ये तिच्याकडं उपचाराला येणारी एक पोरगी सुधारायला लागली, तर आईचा फोन: खटला भरते तुझ्यावर! बाईनं आईलाच बोलावून घेतलं. आई समोर बसली आणि पोरगी पुन्हा पहिल्यासारखी. मग बापाला बोलावलं, भावाला बोलावलं. त्या काळी रोगी आत, घरचे बाहेर, अशी रीत. १९५९ पासून कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या, मनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत ती हेच दुसऱ्यांना शिकवायला लागली. १९८८ ला गेली.

हे सगळं सोनीनं रात्री दीडपर्यंत सांगितलं. अभ्या मात्र गुडघे झाडून उठला आणि न बोलता झोपायला गेला. सकाळी सहाच्या गाडीनं पुण्याला. दोनदा फोन केला, उचलत नाही. मी तरी आबांचा कुठं उचलला असता?

कॉलेज मी आबांना भिऊन सोडलं, असं तू रंकाळ्यावर म्हणालास आणि आपण तीन महिने बोललो नव्हतो. तुझंच खरं होतं. मिसळ मात्र तूच द्यायचीस.

वहिनींचा हात कसा आहे? वास्तुशांत कधी? कळव.

पुढच्या रविवारी सोनीला माझं लहानपणीचं घर मांडायचंय, माणसं उभी करून. अभ्या येतो म्हणालाय, तिला, मला नाही. आबांच्या जागी कुणी नाही. तालमीमागं धोतराचा सोगा धरून त्यांची नक्कल करायचास, अजून जमते का? शनिवारच्या एसटीनं ये.

तुझा,
बाळ्या