चिमणे, आधी पोटभर जेव

प्रिय चिमणे,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. शेवटी म्हटलं, हे मेसेजात मावायचं नाही, सरळ पत्रच लिहू. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या आघातांनी गेलेली बारीक चीर, आणि सहा ते आठ आठवडे धावणं बंद, हे वाचून वाईट वाटलंच. पण त्याखालच्या ओळीचा मी जास्त धसका घेतला: ‘एवढ्या दिवसांत वजन वाढायला नको, तुझा तो जुना डाएट चार्ट पाठव.’

चार्ट पाठवणार नाही. मी तो फाडून टाकला, आणि असता तरी तुला दिला नसता. माझाही पाय असाच गेला होता ना? तेव्हा तू विचारलंस आणि मी ‘जास्त धावले, दुसरं काय’ म्हणून वेळ मारून नेली. धावले जास्त हे खरं होतं. खाल्लं किती, ते सांगायची लाज वाटली.

तेव्हाच्या माझ्या कोचचं म्हणणं असं, की दोन किलो उतरव, आपोआप वेळ उतरेल. मी तीन उतरवले. आपल्या दोघींचा स्वभाव तुला माहीतच आहे. आणि वेळ खरंच उतरली, तिथेच घात झाला. पहिले तीन-चार महिने मी हवेत होते. त्यातला एक रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. ३० किलोमीटरचा लाँग रन करून आले आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात काट्यावर वाटी ठेवून ओट्स मोजायला लागले. ठरलेलं माप ४० ग्रॅम. काटा ४३ दाखवत होता. चमचाभर ओट्स परत बरणीत टाकले, काटा ३८ वर आला, आणि त्या वाचलेल्या दोन ग्रॅमांचा मला आनंद झाला! सोळाशेच्या आसपास कॅलरी जाळून आलेली बाई मी, भर उन्हाळ्यात बोटं गार पडलेली, आणि दोन ग्रॅम ओट्सवर खूश.

रात्री तीनला जाग यायची आणि पाय आपोआप फ्रिजकडे वळायचे. घरातल्यांवर उगाच खेकसायचे. सर्दी एक गेली की दुसरी हजर. सकाळची नाडी ४१ वर आली तेव्हा तर ती मी ग्रुपमध्ये फिटनेसचा पुरावा म्हणून मिरवली होती. आणि पाळी? डॉक्टरांनी विचारलं, ‘शेवटची कधी आली होती?’ मला आठवेना. फोनमध्ये बघितलं तर पाच महिने झाले होते. खरं सांगते, तोवर मला ते सोयीचंच वाटत होतं. रेसच्या दिवशी कटकट नको.

या सगळ्याला नाव आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये त्याला रेड-एस म्हटलं, म्हणजे खेळाच्या मानाने शरीराला पडणारी ऊर्जेची तूट. त्याआधी हा प्रकार फक्त बायकांचा मानला जायचा आणि कमी खाणं, पाळी जाणं, हाडं ठिसूळ होणं हे तिन्ही एकत्र मोजायचे. पुरुषांनाही हे होतं, त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, पण पाळीसारखी दिसणारी खूण नसल्यामुळे लक्षात उशिरा येतं.

हिशेब साधा आहे. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामाला गेलेल्या वजा करायच्या आणि उरलेल्यांना चरबी सोडून जे वजन उरतं त्याने भागायचं. माझं वजन तेव्हा ५४ किलो, त्यातलं चरबीशिवाय साधारण ४३. खाणं १८५०, धावण्यात सरासरी ६५० गेल्या, उरल्या १२००. किलोमागे २८. सगळं सुरळीत चालायला ४५ च्या आसपास लागतात आणि ३० च्या खाली दिवसेंदिवस राहिलं की शरीर काटकसरीला लागतं. ३० म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे, कुणाचं त्याच्यावरही बिघडतं. पण घरात पैसा आटला की आपण काय करतो? दूध-किराणा चालू ठेवतो आणि गळक्या छपराची डागडुजी पुढे ढकलतो. शरीर तेच करतं. हृदय, मेंदू चालू ठेवतं. पाळी थांबवतं, हाडांची दुरुस्ती पुढे ढकलतं. आणि आपण मात्र त्याच हाडांवर आठवड्याला ७० किलोमीटर आपटत असतो.

म्हणून आता मी तुला विचारते, उगाच ‘हो हो, सगळं ठीक आहे’ म्हणू नकोस: तुझी पाळी नियमित येते का? तू गोळ्या घेत असशील तर त्यावर येणारा रक्तस्राव यात धरायचा नाही, तो गोळ्यांमुळे येतो, त्यावरून आतलं काही कळत नाही. सलग तीन महिने चुकली असेल तर तुझ्या हाडांच्या डॉक्टरांना हे आधी सांग. ते नडगी बघतील, पाळीचं विचारतीलच असं नाही.

आणि या सहा आठवड्यांत खाणं कमी करू नकोस, चिमणे. हाड सांधणं हे काम आहे आणि त्याला मजुरी लागते. धावणं थांबलं म्हणून भूक थोडी कमी होईल, ती तशी होऊ दे. पण मुद्दाम पोटाला चिमटा काढलास तर सहाचे बारा आठवडे होतील. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला दीड ग्रॅमच्या पुढे ठेव, आणि ती एकट्या रात्रीच्या जेवणात कोंबू नकोस, चार वेळा वीस-वीस, पंचवीस ग्रॅम अशी वाटून घे. दूध, दही, अंडी, डाळी, जे पचतं आणि आवडतं ते. माझ्यासारखी तूट असलेल्यांना कॅल्शियम दिवसाला १५०० मिलिग्रॅमपर्यंत सांगतात. ड जीवनसत्त्व मात्र रक्त तपासूनच घे, अंदाजाने नको.

रक्त तपासशील तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करून घे, त्यावरून लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. मी सहा महिने ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन जिने चढताना कठडा धरत होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि एक गंमत मला फार उशिरा कळली. कठीण धाव झाली की पुढच्या तीन ते सहा तासांत हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते आतड्यात लोह शोषायला आडवं येतं. मी सकाळी धावून दुपारी गोळी घ्यायचे, तीही चहाबरोबर. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. आता सकाळी लवकर, लिंबाच्या किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेते आणि चहा तासाभराने पिते. तू मात्र रिपोर्ट आल्याशिवाय लोहाच्या गोळीला हात लावू नकोस, जास्त झालेलं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही.

मला कशाचं नवल वाटतं सांगू? उपाशीपोटी दामटण्याचं कौतुक आपल्या खेळात फार जुनं आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकची मॅरेथॉन तीसेक अंश तापमानात, धुळीच्या रस्त्यावर झाली, आणि पाणी जवळपास द्यायचंच नाही, बघू काय होतं, असा आयोजकांचा विचार. ३२ जण सुटले, पोचले १४. जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत पाणी नाकारलं आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर स्ट्रिक्नीन पाजलं, वर ब्रँडी. स्ट्रिक्नीन, उंदरांचं विष! त्यानंतर वीस वर्षांनी, १९२४ मध्ये, बोस्टनच्या डॉक्टरांनी मॅरेथॉन संपवलेल्यांचं रक्त तपासलं तर सगळ्यात गळून गेलेल्यांची साखर सगळ्यात खाली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधी नीट जेवायला आणि धावताना गोळ्या-मिठाई खायला सांगितलं. साखर टिकली, माणसंही टिकली. शंभर वर्षं झाली याला. आणि गेल्या महिन्यात तू २८ किलोमीटर काळ्या कॉफीवर धावलीस आणि वर मला त्याचा फोटो पाठवलास.

शरीरात ग्लायकोजन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर, सगळं मिळून पाचएकशे ग्रॅम मावतं, म्हणजे दोन हजार कॅलरी. लांब पल्ल्याला ते पुरत नाही, म्हणून पुन्हा सुरू करशील तेव्हा दीड तासाच्या वरच्या प्रत्येक धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब घ्यायचे. केळं, खजूर, एनर्जी जेल, काहीही. अडीच तासांच्या वर गेलीस तर ९० पर्यंत जाता येतं, पण तेव्हा ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही हवं. ग्लुकोजला आतड्यातून आत यायला जे दार आहे त्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच जातं, फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. आणि हे रेसच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. पोटालाही सराव लागतो. धावताना रक्त पायांकडे पळालेलं असतं, अशा वेळी अनोळखी जेल पोटात गेलं की काय होतं ते मी पस्तिसाव्या किलोमीटरला झुडपामागे बसून शिकले आहे. तपशील प्रत्यक्ष भेटीत.

पाण्याचं उलटं. इथे तू कंजूष नाहीस, उधळी आहेस. प्रत्येक टेबलापाशी दोन पेले, तहान असो नसो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून खाली गेलेलं निघालं, आणि धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात ते जास्त होतं. पाणी पिऊन पिऊन रक्तातलं मीठ पातळ झालेलं. डोकं दुखतं, मळमळतं, वाढलं तर जिवावर बेततं. एकदा तासभर धावायच्या आधी आणि नंतर वजन कर, मध्ये किती प्यायलीस ते मिळव, तुझा घाम किती जातो ते कळेल. त्याहून जास्त प्यायचं नाही, एवढं सांभाळ. बाकी तहानेवर सोड. आणि लाँग रनच्या आधी ती दुखण्यावरची गोळी घेतेस ना, ती बंद. पाणी कमी आणि ताण जास्त असताना आयबुप्रोफेन मूत्रपिंडांना सोसत नाही.

झोपेबद्दल काय लिहू, तू रात्री एकला मेसेज करतेस. पावडरी आणि कॅप्सूलांबद्दल तर काहीच लिहिणार नाही, आधी दोन वेळचं जेवण अंगी लागू दे.

माझं हाड भरलं, पण पाळी यायला पुढे सात महिने लागले. वजन चार किलोने वाढलं. त्या काळात आरशात बघताना मी रडले आहे, तेही तुला सांगितलं नव्हतं. जेवणाच्या ताटासमोर भीती वाटायची, आणि ती भीती एकटीने जाईना म्हणून मी समुपदेशकाकडे जात होते, वर्षभर. तू त्या वेळी ‘रविवारी कुठे असतेस’ म्हणून चिडायचीस. तिथे नव्हे गं, रविवारी मी झोपलेली असायचे. तिथे मंगळवारी जायचे. तुला गरज वाटली तर नंबर देईन, न लाजता माग.

तुला चिमणी हे नाव मीच ठेवलं होतं, ताटात टिपून टिपून खातेस म्हणून. तेव्हा सगळे हसलो होतो. आता ते हसू जरा घशात अडकतं. म्हणशील तर दुसरं नाव शोधू.

रक्ताचे रिपोर्ट आले की फोटो पाठव. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाशील तेव्हा मी बरोबर येते, गाडी मी चालवेन, तू पाय वर करून बस. आणि आज रात्री काय जेवलीस ते कळव. ग्रॅम नकोत, नुसतं काय ते.

तुझीच,
रविवारी झोपणारी